वर गेल्यावर बोलू

“रविवारी डोंगरावर जाऊ या. पायी शिखर गाठायचं आणि येताना सायकलवरून सुसाट खाली. येतोस ना?”

दात्याचं हे बोलणं ऐकून शंक्याने फोन कानापासून लांब धरला आणि पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. नाव दात्याचंच होतं. आवाजही त्याचाच होता. वाक्य मात्र त्याचं वाटत नव्हतं.

दात्या दातांचा डॉक्टर. शाळेत त्याचे पुढचे दोन दात ओठ ओलांडून बाहेर यायचे, म्हणून दात्या. पुढे तारा लावून दात आत गेले, पण तो त्याच धंद्यात शिरला, त्यामुळे नाव टिकलं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट बंद पडली की हा माणूस खालच्या बाकावर बसून ती दुरुस्त व्हायची वाट बघायचा आणि वर पेशंट गाल धरून बसलेले असायचे. असा माणूस डोंगर चढू म्हणतो, तोही आपण होऊन!

“का?” शंक्याने विचारलं.

“का म्हणजे? सहज.”

शंक्याचे कान टवकारले गेले. त्याचं नाव शंकर नव्हतं; शंका हा त्याचा स्वभाव होता आणि पोटापाण्याचा उद्योगही. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. दुकान जळलं की जाळलं, गाडी चोरीला गेली की मेहुण्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झोपली आहे, हे शोधण्यात त्याची हयात गेली होती. आणि ‘सहज’ म्हणणारा माणूस त्याने आजवर निर्दोष सुटलेला पाहिला नव्हता.

“आणि हो,” दात्या म्हणाला, “तुझा विमा उतरवलेला आहे ना रे? सायकलवाला विचारत होता.”

शंक्या खुर्चीत ताठ बसला. मित्र मित्राला घेऊन डोंगरावर जातो आणि एकटाच परत येतो, असली प्रकरणं त्याच्या टेबलावरून गेली होती. त्या सगळ्यांत आधी कोणीतरी असंच सहज विचारलेलं असायचं.

“विचार करून सांगतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटलं. शेजारी, सहकारी, भाजीवाला, बायकोकडचे सगळे नातेवाईक, अशी झाडून सगळ्यांची त्याने कधी ना कधी चौकशी केलेली होती, आणि त्यामुळे त्याला मित्र म्हणून कोणी उरलं नव्हतं. एक दात्या तेवढा होता. त्याच्याबद्दल शंक्याच्या मनात कधी पाल चुकचुकली नव्हती. जगात एक माणूस तरी न तपासलेला असावा, असं त्यालाही वाटायचं. पण दात्याची एक खोड त्याला चांगली ठाऊक होती. दात उपटायच्या आधी तो पेशंटशी गोड गोड बोलायचा. “मग, सुट्टीत कुठे जाणार?” असं विचारायचा, पेशंट उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि दाढ बाहेर. आता हा आपल्याशीच सुट्टीच्या गप्पा मारतोय, म्हणजे आपलं काय उपटणार आहे?

त्या संध्याकाळी तो ऑफिसातून जरा लवकर घरी आला. स्वयंपाकघरात बायको फोनवर बोलत होती. शंक्याने चपला हातात घेतल्या आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. स्वतःच्या घरात असं उभं राहण्याची त्याला सवय होती.

“नाही भाऊजी, घरात नको,” बायको म्हणत होती. “घरात ते निसटतील. तुम्ही एकदा त्यांना वर पोचवा, मग पुढचं सोपं आहे… हो, आमच्या चिमणीचंही तेच म्हणणं… हो ना, एकदाचा हा काटा निघाला की सगळ्यांनाच सुटल्यासारखं होईल.”

आपल्या भाषेतला ‘वर’ हा शब्द मोठा दगाबाज आहे. अमका वर गेला म्हणजे गच्चीवर गेला की कायमचा गेला, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. शंक्याला बायकोची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठ तर खुशीत दिसत होती. तो पाऊल न वाजवता बाहेर गेला, चपला घातल्या आणि खोकत खोकत पुन्हा घरात आला.

“दात्या डोंगरावर चल म्हणतोय,” तो म्हणाला.

“अय्या, हो?” बायको म्हणाली. एवढं वाईट नाटक त्याने कुठल्याच दावेदाराचं पाहिलं नव्हतं. “जा की! तेवढीच हवा बदलेल. किती दिवसांत कुठे गेला नाहीत.”

“मी नसलो तर घरचं कसं होईल?”

“आमचं होईल हो छान. तुम्ही नका काळजी करू.”

चिमणी म्हणजे त्याची धाकटी बहीण. पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. चाळिशी जवळ आली तरी तिचं लग्न झालं नव्हतं, आणि तिच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे, तर भाऊ जास्त होता म्हणून. आलेल्या प्रत्येक स्थळाची त्याने अशी काही झडती घेतली की ते पुन्हा जिन्यात दिसलं नाही. एकजण म्हणाला होता, मी चहा पीत नाही. शंक्याने त्याला टपरीवर बशीतून चहा पिताना गाठला. दुसऱ्याच्या केसांकडे तो इतका वेळ बघत बसला की तो बिचारा टोपी घालूनच निघून गेला. घरचे हळहळले, पण शंक्याला वाटायचं, आपण बहिणीला वाचवलं. दाढदुखीसाठी तिला आठवड्यातून दोनदा दात्याकडे जावं लागायचं, तेव्हा तोच गाडीवर सोडायचा आणि बाहेर बसून राहायचा. इतका त्याचा तिच्यावर जीव होता.

रविवारी सकाळी निघताना घरातलं एकूण वागणं बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. बायकोने डब्यात त्याच्या आवडीचं सगळं भरून दिलं होतं. एरवी डॉक्टरने बंद केलेले गोड पदार्थसुद्धा. चिमणीने चक्क मिठी मारली. “दादा, माझ्यावर रागावू नकोस हं,” म्हणाली आणि डोळे पुसत आत पळाली. आईने तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

“जा बाळा,” ती म्हणाली. “जे होतं ते भल्यासाठीच होतं.”

“काय होणार आहे, आई?”

“मला म्हातारीला काय कळतंय?” असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

आता कोणी विचारेल, एवढं सगळं कळल्यावर हा गेलाच का? तर त्याला दोन कारणं होती. एक, पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही ही कामाची शिस्त. दुसरं कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. आपली शंका खोटी निघावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. घरी बसला असता तर संशय तसाच राहून दात्या मित्र म्हणून गेलाच असता, आणि दात्या गेल्यावर कोणाकडे जाऊन बसायचं?

डोंगराच्या पायथ्याला सायकलींचं दुकान होतं. दुकानदार धिप्पाड होता आणि कोपरापर्यंत ग्रीसने काळा झाला होता. सायकली त्याच्या जीपमधून मागच्या कच्च्या रस्त्याने शिखरावर जाणार होत्या आणि हे दोघे पायवाटेने चढणार होते. शंक्या टायरांच्या थप्पीमागे बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

“लाल सायकल त्याची,” दात्या हळूच दुकानदाराला सांगत होता. “ब्रेक काढलेत ना तिचे?”

“सांगितलंत तसे काढले, साहेब.”

“त्याला बोलू नका हं यातलं. उगाच घाबरेल.”

शंक्या खालीच बसून राहिला. नाडीच्या त्याने तीन गाठी मारल्या.

चढाला सुरुवात झाली तशी पंचाईत झाली. “तू पुढे हो,” दात्या म्हणाला. पाठ दात्याकडे करायची शंक्याची तयारी नव्हती. “नको, तू हो पुढे,” तो म्हणाला. “अरे तू हो.” “तू डॉक्टर आहेस, तुझा मान.” शेवटी दोघे एकमेकांना खेटून निघाले. वाट एका माणसापुरती होती. एक पाय वाटेवर, एक झुडपात, असे ते खांद्याला खांदा घासत वर सरकत होते. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी “किती घट्ट मैत्री!” म्हणून कौतुकसुद्धा केलं.

प्रत्येक वळणावर दात्या थांबायचा, हाशहुश करत घाम पुसायचा आणि म्हणायचा, “शंक्या, तुला एक सांगायचं होतं.”

“काय?”

दात्या त्याच्याकडे बघायचा, मग दरीकडे बघायचा. “जाऊ दे. वर गेल्यावर बोलू.”

अर्ध्या वाटेत एका सपाट दगडावर त्यांनी डबा उघडला. शंक्याने तो दात्यापुढे सरकवला. “आधी तू खा.”

“अरे, वहिनींनी तुझ्यासाठी दिलंय.”

“म्हणूनच. आधी तू.”

दात्याला आग्रहाची गरज नव्हती. तो खात गेला आणि शंक्या त्याच्या ओठांचा रंग बघत बसला. ओठ निळे पडले नाहीत, डोळे फिरले नाहीत, दात्या ढेकर देऊन तृप्त झाला. डबा निर्दोष ठरला, पण तोवर रिकामाही झाला होता. मग उपाशीपोटी उरलेला डोंगर चढताना शंक्याच्या पायांत गोळे आले.

शिखरावर जीप आधीच पोचली होती. लाल आणि निळी अशा दोन सायकली एका दगडाला टेकवून दुकानदाराचा ड्रायव्हर निघायच्या बेतात होता. दात्या जमिनीवर आडवा पडून श्वास गोळा करत होता. ती संधी साधून शंक्या ड्रायव्हरजवळ गेला.

“जरा बदल झालाय,” तो कुजबुजला. “निळी माझी. सीट खाली करून द्या. लाल डॉक्टरांची.”

ड्रायव्हरला काय, त्याने पान्याने दोन्ही सीट खालीवर केल्या आणि जीप घेऊन निघून गेला. आता वर दोघेच उरले. वारा होता, खाली शहर काडेपेट्यांसारखं पसरलं होतं, आणि फोनला रेंज नव्हती. शंक्याने फोन हातात धरून चारी दिशांना फिरवून पाहिला.

“शंक्या, इकडे ये,” दात्या उठून कड्यापाशी गेला होता. “अगदी कडेला ये. इथून खाली बघ काय दिसतं!”

शंक्या मटकन खाली बसला आणि त्याने जवळच्या खडकाला मिठी मारली. “दात्या,” तो म्हणाला, “मला सगळं माहीत आहे.”

दात्याचा चेहरा पांढराफटक पडला. “सगळं?”

“सगळं. कधीपासून चाललंय हे?”

“दीड वर्ष होईल,” दात्या मान खाली घालून म्हणाला.

“दीड वर्ष! आणि माझ्या बायकोला माहीत आहे?”

“वहिनींनीच तर हा डोंगर सुचवला.”

“चिमणीला?”

“घाई तिचीच आहे रे. म्हणते, अजून किती वाट बघायची? हा रविवार टळता कामा नये.”

“आई?” शंक्याचा आवाज चिरकला. “आईला तरी नाही ना सांगितलंत?”

“काकूंनी आशीर्वाद दिला. म्हणाल्या, त्याला ताटकळत ठेवू नको, एका दमात उरकून टाक.”

शंक्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतकी वर्षं तो परक्यांच्या घरातले कट शोधत फिरला होता. “माझं काय चुकलं रे?”

“तुझं चुकलं असं नाही,” दात्या त्याच्याजवळ उकिडवा बसला. “पण तू मध्ये आहेस तोवर काही होणं शक्य नाही, असं सगळ्यांचंच मत पडलं.”

“मग कर. काय करायचं ते कर. फक्त आईला सांग, मी ओरडलो नाही.”

“कर म्हणजे? तुझी परवानगी आहे?”

“परवानगी? असल्या कामाला कोणी परवानगी मागतं?”

“मागायला नको? तू तिचा मोठा भाऊ आहेस. आणि मी वर आहे.”

“दिसतंय मला. मीही वरच आहे.”

“तसा वर नव्हे रे, गाढवा!” दात्या ओरडला. “वर! नवरा मुलगा! मला चिमणीशी लग्न करायचंय!”

वारा थांबल्यासारखा वाटला. शंक्याने खडकाची मिठी हळूहळू सोडली. त्याने दात्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, पुन्हा दात्याकडे पाहिलं. हा मला ढकलायला आलेला नाही. बायकोला मी हवा आहे. आईला मी हवा आहे. आणि दात्या दात्याच आहे! त्याला इतका आनंद झाला की त्या क्षणी दात्याने घर मागितलं असतं तरी त्याने किल्ली काढून दिली असती.

“हो!” तो म्हणाला. “हो, हो! खुशाल कर! घेऊन जा! आजच घेऊन जा!”

दात्या बघतच राहिला. गेले कित्येक दिवस तो आरशासमोर उत्तरं पाठ करत होता. “अरे, काहीतरी विचार तरी.”

“काय विचारायचंय? तू तर माझा मित्र!” शंक्याने त्याचे दोन्ही गाल ओढले. मग एकदम त्याला आठवलं. “पण तिची दाढ?”

“कसली दाढ? तिच्याइतके निरोगी दात मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत.”

दीड वर्ष आपण बहिणीला स्वतःच्या गाडीवरून सोडत होतो आणि बाहेर बसून जुनी मासिकं चाळत होतो, हे शंक्याच्या लक्षात आलं. एवढा मोठा तपासनीस! त्याचे कान तापले, पण आनंद इतका होता की लाजायलाही फुरसत नव्हती.

“आणि या सायकली कशाला?” त्याने विचारलं.

“तू नाही म्हणणार असं धरून चाललो होतो. मग तुझं फुगलेलं तोंड बघत पायी उतरायचं? सायकलवर निदान बोलावं तरी लागत नाही.”

शंक्या खो खो हसला, उडी मारून निळ्या सायकलवर बसला आणि निघालासुद्धा. संशय गेला होता, पण संशयापायी केलेली व्यवस्था तशीच राहिली होती.

“अरे, ती माझी!” दात्या लाल सायकल घेऊन मागून धावला. उतार सुरू झाला होता. वाट दगडगोट्यांची, वळणांची, आणि शंक्याच्या बुडाखालून सायकल बाणासारखी सुटलेली. त्याने ब्रेक दाबला. ब्रेकमधून एखाद्या मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला, पण वेग काही कमी झाला नाही.

“शंक्या! लाल तुझी होती! तिचे जुने ब्रेक काढून नवे बसवून घेतलेत खास तुझ्यासाठी!”

“आणि निळीचे?”

“निळीचे जुनेच आहेत! मी हळू उतरणार होतो!”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“जुने खराब होते हे कळलं असतं तर तू आलाच नसतास!”

यापुढचं संभाषण झालं नाही, कारण वळण आलं. वाट डावीकडे वळली आणि शंक्या सरळ गेला. सायकल एका दगडाशी थांबली, शंक्या थांबला नाही. तो हवेतून जाऊन एका प्रचंड काटेरी झुडपात पाठीवर पडला आणि तिथेच राहिला.

दात्याने त्याला ओढून बाहेर काढला. डोक्याला टेंगूळ आलं होतं आणि मानेपासून पोटऱ्यांपर्यंत काटेच काटे होते. दात्याच्या पाठपिशवीत दवाखान्याचा चिमटा निघाला. सवयीने तो कुठेही बरोबर नेत असे.

“पालथा हो. दुखणार नाही,” दात्या म्हणाला आणि कामाला लागला. “मग, सुट्टीत कुठे… आई गं!” हे शेवटचं शंक्या म्हणाला.

दहाबारा काटे निघाल्यावर दात्याचा हात मंदावला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं.

“शंक्या, एक विचारू? तू इतक्या लवकर हो कसा म्हणालास?”

“मित्र आहेस म्हणून.”

“ते ठीक आहे. पण चहाच्या कपाला विचारतोस, कुठून आलास? आणि मला एक प्रश्न नाही?” एक काटा जरा जोरातच निघाला. “घेऊन जा म्हणालास. आजच म्हणालास. एवढी कसली घाई होती तुला? घरात काही झालंय का? तिचं काही आहे का, जे मला माहीत नाही?”

शंक्या काय सांगणार? मला वाटलं तू माझा खून करणार आहेस, आणि केला नाहीस म्हणून बहीण दिली, हे जिवलग मित्राला सांगण्यासारखं नव्हतं. “काही नाही रे. सहज,” तो म्हणाला. ते ऐकून दात्याचं तोंड आणखीच उतरलं.

इतक्या खाली उतरल्यावर फोनला रेंज आली होती. दात्याने घरी फोन लावला आणि आवाज मोठा करून तो दगडावर ठेवला.

“काय झालं हो भाऊजी? नाही म्हणाले ना?” बायकोने विचारलं.

“हो म्हणाला.”

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. “कोण?”

“हाच.”

“डोक्याला मार लागलाय का त्यांच्या?”

“लागलाय. पण तो नंतर. हो आधी म्हणाला. एकही प्रश्न न विचारता.”

पलीकडे कुजबुज झाली. “अगंबाई, बरा आहे ना तो?” हे आईचं. मग चिमणीचा आवाज आला, आणि तो आनंदाचा नव्हता.

“दादा लगेच हो म्हणाला? आमचा दादा? मग मला जरा विचार करू दे.”

दात्याच्या हातून चिमटा पडला. “विचार? अगं, दीड वर्ष झालं!”

“हो ना. पण दादाने केळीवाल्यालासुद्धा इतक्या लवकर हो म्हटलेलं नाही. यात काहीतरी आहे. काय शिजतंय तुमच्या दोघांचं वर डोंगरावर? मला सगळं कळेपर्यंत काही ठरवू नका.”

शंक्याने पालथ्या पालथ्या मान वर करून दात्याकडे पाहिलं. दवाखान्यात येणारे सगळे पेशंट दात्यासमोर जसे बसत असतील, तसा तो फोनसमोर बसला होता. आपल्या नकाराने बहिणीची स्थळं गेली हे शंक्याला माहीत होतं. होकारानेही एखादं जाऊ शकतं, हे त्याला आज कळत होतं. त्याने हात लांब करून फोन ओढून घेतला.

“कोण हो म्हणालं?” तो खेकसला. “मी? मी हो म्हणजे ऐकलं असं म्हणालो. मंजूर कुठे केलंय? या माणसाला धाप लागते पहिल्या मजल्यावर आणि दवाखाना आहे दुसऱ्यावर, असा माणूस संसाराचा डोंगर काय चढणार? दीड वर्ष दाढेच्या नावाखाली आपल्या सगळ्यांना फसवलं, उद्या आणखी कशाच्या नावाखाली फसवेल? माझा अख्खा डबा संपवला, विचारलंसुद्धा नाही! आणि…” इथे त्याच्याजवळचे आक्षेप संपले. दात्यात फारसं काही वाईट सापडत नव्हतं. त्याने मनाला येईल ते दडपून दिलं. “आणि दर गुरुवारी दवाखाना लवकर बंद करून हा जातो कुठे, ते आधी मला कळलं पाहिजे!”

पलीकडे कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. “हं, हे आमचे खरे,” बायको म्हणाली. “उगाच घाबरवलंत भाऊजी तुम्ही.”

“दादा, बस झालं!” चिमणी कडाडली. “आजवरची स्थळं घालवलीस तेवढी पुरे! तुझ्या चौकशा गेल्या खड्ड्यात. मी लग्न करीन तर डॉक्टरांशीच, आणि पुढच्याच महिन्यात करीन! कळलं?”

फोन बंद झाला. शंक्याने तो समाधानाने दात्याच्या हातात दिला आणि पुन्हा हनुवटी गवतात टेकवली. बहीण त्याच्यावर इतकी चिडली होती आणि त्याला इतकं बरं वाटत होतं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. “काढ आता उरलेले,” तो म्हणाला.

दात्याने चिमटा उचलला, पण काटा काही निघेना.

“शंक्या,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “गुरुवारचं तुला कोणी सांगितलं?”

शंक्याने सावकाश मान वळवली. दात्या लालबुंद झाला होता.

“मला सगळं माहीत असतं,” शंक्या सवयीने म्हणाला. “तू बोल.”

“पोहायला शिकतोय रे,” दात्याने सांगून टाकलं. “गावाच्या पार त्या टोकाच्या तलावावर, जिथे ती शिकवत नाही. पहिल्याच भेटीत तिला सांगून बसलो, मी लहानपणी नदी पोहून जायचो म्हणून. आता लग्नानंतर ती कधीतरी म्हणणारच, चला पाण्यात. म्हणून गुपचूप शिकतोय. लहान पोरांच्या बाजूला, कमरेला फुगा बांधून.”

नवऱ्या मुलाने मुलीला धडधडीत खोटी माहिती दिली होती आणि स्वतःच्या तोंडाने कबूलही केली होती. फोन हाताशी होता, रेंजही होती. कंपनीत असता तर एव्हाना त्याने शेरा मारून प्रकरण बंद केलं असतं. त्याने दात्याकडे बघितलं. इतका घाबरलेला दात्या त्याने शाळेतसुद्धा पाहिला नव्हता.

“कितपत येतं?” त्याने विचारलं.

“हात जमतात. पाय बुडतात.”

“जमेल,” शंक्या म्हणाला. तो कोपरांवर थोडा उठला, वाटेवर कोणी नाही ना ते दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि आवाज उतरवला. “पण पाण्यात चष्मा लावत जा. नाहीतर डोळे लाल होतात आणि केसांना क्लोरीनचा वास राहतो तो वेगळाच. गुरुवारी तिला भेटायच्या आधी डोकं धुऊन घे, साबण बदल. तिचं लक्ष फार असतं. आमच्याच घरातली आहे ती.”